ओला म्हणजे किती ओला?

पावसासाठी मराठीत शब्दांचा सुकाळ आहे. पिरपिर, रिपरिप, भुरभुर, सर, झड, मुसळधार, धो धो... आणि भिजलेल्या वस्तूंसाठीही तसाच. दमट, ओलसर, ओला, चिंब, ओलागच्च. दोरीवरची पँट 'ओलसर' असेल तर इस्त्री मारून ऑफिसला घालून जाता येते, 'ओली' असेल तर दुसरी शोधावी लागते. म्हणजे शब्दातल्या एवढ्याशा फरकावर निर्णय बदलतो. पण हे चालतं कधी? बोलणारा आणि ऐकणारा एकाच घरात राहतात तेव्हा. दोघांच्या डोक्यात 'ओलसर'ची व्याख्या एकच असते.

आता पँटच्या जागी धावपट्टी ठेवा. बोलणारा विमानतळावर जीपमध्ये बसलाय. ऐकणारा दहा हजार फुटांवर, ढगात, ताशी साडेचारशे किलोमीटरनं खाली येतोय. त्याच्यामागे दीडशे-दोनशे माणसं बसली आहेत, त्यातली निम्मी फोन कधी चालू करता येईल याची वाट बघतायत. आणि त्याला कळायला हवंय, की खाली ओलं आहे म्हणजे नक्की किती ओलं?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय हा. वरवर बघता अगदी कंटाळवाणा, म्हणजे धावपट्टी किती ओली आहे याची नोंद कशी करायची आणि ती वैमानिकापर्यंत कशी पोचवायची. पण मी जितकं वाचत गेलो तितकं वाटायला लागलं की हा विषय आपल्या धंद्यातला आहे. माहिती कोण देतो, किती ताजी आहे, आणि ती देताना खरं बोलायची सोय आहे की नाही, हे सगळे प्रश्न आपण रोज झेलतो. फक्त आपल्याकडे चूक झाली तर सर्व्हर पडतो.

आधी थोडं फिजिक्स, घाबरू नका.

विमानाचं टायर पाण्यावरून जाताना पाणी बाजूला सारतं. वेग वाढत गेला की एका क्षणी पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. मग टायर पाण्यावर उचललं जातं आणि तरंगत घसरतं. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग किंवा हायड्रोप्लेनिंग म्हणतात. एक्स्प्रेसवेवर भर पावसात गाडीचं स्टिअरिंग अचानक हलकं हलकं लागतं ना, तेच. १९६० च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रातल्या वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपं सूत्र दिलं. टायरमधला दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा. जो आकडा येईल तितक्या नॉट्सच्या वर, पुरेसं पाणी असेल तर, टायर तरंगू शकतं. दोनशे पीएसआयचं टायर धरा. उत्तर येतं १२७ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे २३५ किलोमीटर. बोइंग ७३७ किंवा ए३२० सारखी विमानं टेकतात साधारण १३०-१४० नॉट्सना. म्हणजे टेकताक्षणीच आपण धोक्याच्या रेषेच्या वर असतो. फक्त 'पुरेसं पाणी' नसलं म्हणजे झालं.

पुरेसं पाणी म्हणजे किती? नियमांत जी रेषा ओढली आहे ती आहे ३ मिलिमीटर. पाकिटातली चार डेबिट कार्डं एकावर एक ठेवा, झाले ३ मिलिमीटर. या जाडीच्या आत असेल तर धावपट्टी नुसती 'ओली'. त्यावर गेलं तर 'साचलेलं पाणी'.

शिवाय धोका फक्त खोल पाण्याचाच असतो असंही नाही. हजारो विमानं जिथे टेकतात तिथे टायरचं रबर घासून घासून डांबरावर काळा गुळगुळीत थर बसतो. त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आला तरी पकड जाते. बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावर पाय घसरतो तेव्हा तिथे कुठे तळं साचलेलं असतं? म्हणून धावपट्ट्यांना दोन्ही बाजूंना उतार देतात, आडव्या खाचा पाडतात, आणि रबर वेळोवेळी खरवडून काढतात.

या खाचांचं महत्त्व किती, हे साव पावलोच्या काँगोन्यास विमानतळाकडे बघून कळतं. तिथली मुख्य धावपट्टी २००७ च्या जूनअखेर नवा थर देऊन पुन्हा सुरू केली, पण खाचा पाडायचं काम बाकी होतं. जुलै उजाडला, पाऊस आला, आणि वैमानिक धावपट्टी निसरडी असल्याच्या तक्रारी करू लागले. १६ जुलैला एक छोटं एटीआर विमान घसरून बाहेर गेलं. १७ जुलैला टाम कंपनीचं ए३२० थांबलंच नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीवर जाऊन आदळलं. १९९ माणसं गेली. न्यायाचं बोलायचं तर त्यात मोठा वाटा इंजिनाच्या एका लिव्हरच्या चुकीच्या जागेचा होता, नुसत्या ओल्या धावपट्टीचा नव्हे. पण टॉवरनं त्या वैमानिकांना धावपट्टी 'ओली आणि निसरडी' असल्याचं सांगितलं होतं. सांगा, 'निसरडी' या शब्दावरून वैमानिकानं कोणता हिशोब करायचा? किती मीटर जास्त धरायचे?

शब्दांची हीच तर गोची आहे.

पूर्वी जगभरात ओल्या धावपट्टीसाठी चार शब्द वापरत. त्यांचं मराठी अगदी सहज होतं. ओलसर (म्हणजे ओलीनं रंग बदललाय), ओली (भिजलीय पण पाणी साचलेलं नाही), पाण्याची डबकी, आणि तुंबलेली. वाचायला छान. पण विमानाच्या ब्रेकचे तक्ते वेगळ्याच भाषेत लिहिलेले. टॉवर एक बोलणार, विमान कंपनीचं मॅन्युअल दुसरंच बोलणार, आणि मधलं भाषांतर वैमानिकानं करायचं, तेही उतरता उतरता. काही देशांत घर्षण मोजणाऱ्या गाड्या धावपट्टीवर पळवून त्यांचे आकडे वैमानिकांना सांगत. पण त्या गाडीला मिळालेलं घर्षण आणि साठ-सत्तर टनांच्या विमानाला मिळणारं घर्षण यांचा भरवशाचा मेळ काही लागेना.

हे बदलायला एक अपघात व्हावा लागला. ८ डिसेंबर २००५, शिकागोचा मिडवे विमानतळ. तिथे पाऊस नव्हता, बर्फ होता, पण दुखणं तेच. उतरणाऱ्या साउथवेस्टच्या वैमानिकांना ब्रेकिंगबद्दल मिश्र बातम्या मिळाल्या होत्या, धावपट्टीचा एक भाग बरा, एक भाग वाईट. विमान धावपट्टी संपून, कुंपण तोडून रस्त्यावर गेलं. एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. चौकशीत रिव्हर्स थ्रस्ट उशिरा लावल्याचं मुख्य कारण निघालं. पण त्यातून अमेरिकेच्या एफएएनं विमानतळवाले, कंपन्या, विमान बनवणारे असे सगळे एका टेबलाशी बसवले आणि विचारलं, आपण सगळे एक भाषा का बोलत नाही?

त्यातून जे निघालं तेच पुढे आयकाओनं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, जगभरासाठी घेतलं. नाव ग्लोबल रिपोर्टिंग फॉरमॅट. लागू व्हायचं होतं नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडमुळे लांबलं आणि ४ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालं.

आता ही गोष्ट एखाद्या प्रोग्रॅमरनंच डिझाइन केल्यासारखी आहे. शून्य ते सहा असा कोड. सहा म्हणजे कोरडी. पाच म्हणजे ओली, पाणी ३ मिलिमीटरपर्यंत. तीन म्हणजे 'ओली आणि निसरडी', म्हणजे घर्षण ठरलेल्या किमान पातळीच्या खाली गेल्याचं आधीच माहीत असलेली धावपट्टी भिजली की. दोन म्हणजे ३ मिलिमीटरच्या वर साचलेलं पाणी. एक आणि शून्य बर्फवाल्यांसाठी, आपल्या कामाचे नाहीत. 'ओलसर' हा शब्द रद्द. ओलसर दिसली तरी ती ओलीच धरायची. मला हे फार आवडलं. शंका असेल तर वाईट बाजूला झुकायचं.

धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाला वेगळा कोड. '५/५/२' ऐकलं की वैमानिकाला कळतं, शेवटच्या तिसऱ्या भागात पाणी साचलंय, म्हणजे तिथवर वेग शिल्लक ठेवून जायचं नाही. गंमत म्हणजे लेखी अहवालात हे तीन आकडे धावपट्टीच्या लहान क्रमांकाच्या टोकाकडून लिहितात, आणि उतरणाऱ्या वैमानिकाला मात्र त्याच्या येण्याच्या दिशेनं वाचून दाखवतात. बाइट ऑर्डरवर ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांना इथे नक्की हसू येईल :-)

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमान बनवणाऱ्यांचे थांबण्याच्या अंतराचे तक्तेही याच कोडवर. बोलणाऱ्याचा 'दोन' आणि ऐकणाऱ्याचा 'दोन' एकच. इंटरफेस ठरला!

इथपर्यंत सगळं झकास. मग माझं म्हणणं काय आहे?

माझं म्हणणं असं, की फॉरमॅट उत्तम झालाय, पण त्यात भरला जाणारा डेटा अजून जुन्याच पद्धतीनं येतो. आणि आपल्या पावसाळ्यात ती पद्धत तोकडी पडते.

बघा, कोड ठरवतो कोण? विमानतळाचा प्रशिक्षित माणूस. तो गाडी घेऊन धावपट्टीवर जातो, बघतो, अंदाज घेतो, कळवतो. पण जायला धावपट्टी मोकळी लागते. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे एका वेळी एकच धावपट्टी चालते आणि गर्दीच्या वेळी दीड मिनिटाला एक विमान चढतं किंवा उतरतं, तिथे ही मोकळीक मागून घ्यावी लागते. म्हणजे दर तपासणीची किंमत दोन-तीन विमानं हवेत घिरट्या घालत राहणं.

आणि मिळवलेली माहिती टिकते किती? साधा हिशोब करू. तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस, म्हणजे आपल्याकडची जुलैतली एक दणदणीत सर. मिनिटाला एक मिलिमीटर. पाणी अजिबात वाहून गेलं नाही असं धरलं तर तीन मिनिटांत ३ मिलिमीटर. अर्थात उतार आणि खाचा पाणी वाहून नेतातच. पण आडवा वारा एका बाजूचं पाणी अडवून धरतो, कुठे धावपट्टी किंचित खचलेली असते, कुठे खाचांत रबर भरलेलं असतं. म्हणजे जीप आत गेली तेव्हा 'पाच' असलेली धावपट्टी जीप बाहेर पडून गरम चहा येईपर्यंत 'दोन' होऊ शकते. बर्फाळ देशात तासभर जुनी नोंद चालून जात असेल. आपल्या सरींमध्ये दहा मिनिटांपूर्वीची नोंद म्हणजे शिळी कॅश. आणि कॅश कधी शिळी झाली हे ओळखणं किती अवघड, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही फट भरायला दुसरा स्रोत आहे तो म्हणजे नुकताच उतरलेला वैमानिक. तो सांगतो ब्रेकिंग कसं होतं. त्याचीही ठरलेली पट्टी आहे, गुड, गुड टू मीडियम, मीडियम, मीडियम टू पुअर, पुअर, आणि लेस दॅन पुअर. कोड 'दोन' किंवा त्याहून बरा असताना लागोपाठ दोघांनी 'पुअर' म्हटलं तर धावपट्टी पुन्हा तपासायलाच हवी. एकानं जरी 'लेस दॅन पुअर' म्हटलं तरी वाहतूक थांबवायचा विचार करायचा. चांगले नियम आहेत.

पण या 'गुड'ची एक गोम आहे.

ओल्या धावपट्टीवर विमान थांबतं ते तीन गोष्टींनी. पंखांवर उघडणारे स्पॉयलर, इंजिनांचा रिव्हर्स थ्रस्ट आणि चाकांचे ब्रेक. बहुतेक वेळा ऑटोब्रेक लावलेला असतो. त्याला एक ठरावीक मंदगती हवी असते. ती रिव्हर्सनेच मिळाली तर ब्रेक जेमतेम लागतात. धावपट्टी लांब असेल, वैमानिक सावकाश शेवटच्या वळणाशी बाहेर पडला असेल, तर चाकांनी खरी पकड कधी आजमावलीच नाही. मग टॉवरनं विचारलं, "ब्रेकिंग कसं होतं?" तो प्रामाणिकपणे म्हणतो, "गुड." खोटं नाही बोलत तो. पण ही टेस्ट पास झाली कारण ती चाललीच नाही! आणि त्या हिरव्या टिकमार्कच्या भरवशावर मागचा, जड विमान घेऊन, शेपटीकडून वारा घेत उतरणार.

याचं पुस्तकी उदाहरण आहे बँकॉकचं. २३ सप्टेंबर १९९९, क्वान्टासचं ७४७, सिडनीहून बँकॉकमार्गे लंडनला निघालेलं. टॉवरनं वैमानिकांना सांगितलं की धावपट्टी ओली आहे, आणि काही मिनिटांपूर्वी उतरलेल्या विमानानं ब्रेकिंग 'गुड' म्हटलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण मधल्या मिनिटांत पावसाचा प्रचंड लोंढा धावपट्टीवर आला होता. त्याच कंपनीचं एक विमान तीनेक मिनिटं आधी न उतरताच परत वर गेलं होतं, आणि हे मागच्यांना कळलंच नव्हतं. ७४७ उशिरा टेकलं, रिव्हर्स वापरला गेला नाही, चाकं तरंगली आणि विमान धावपट्टी संपवून पुढे गोल्फ कोर्सच्या कडेला जाऊन थांबलं. कुणी दगावलं नाही, नशीब. पण बघा, 'गुड' पोचलं आणि 'मी उतरलो नाही' हे पोचलं नाही. चांगली बातमी आपोआप पोचते, वाईट बातमीला मुद्दाम वाट करून द्यावी लागते.

आपल्या स्टेटस रिपोर्टसारखंच आहे हे. दर शुक्रवारी सगळे मोड्यूल 'ग्रीन'. ग्रीन लिहिलं तर कुणी काही विचारत नाही. 'अंबर' लिहिलं की मीटिंग, स्पष्टीकरण, मेलवर सतरा जण सीसीत. मग माणूस काय करतो? ग्रीन लिहितो, मनात म्हणतो सोमवारपर्यंत जमवू. खोटेपणापेक्षा हा सोयीचा प्रश्न जास्त. वैमानिकाचंही तसंच. उतरल्यावर त्याला धावपट्टीवरून लवकर बाहेर पडायचंय, मागे दुसरा येतोय, रेडिओवर गर्दी, गेट बदललंय. 'गुड' एका शब्दात संपतं. 'मीडियम टू पुअर, शेवटच्या भागात विमान घसरत होतं' हे सांगितलं की पुढे प्रश्न. सांगणाऱ्याला फुकटची कटकट, आणि फायदा सगळा अनोळखी मागच्याचा. अशा व्यवहारात माहिती पातळच होत जाते, माणसं कितीही भली असोत.

"अरे पण हे सगळं थिअरी झालं," असं कुणी म्हणेल. मग आपल्याकडचं बघू. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं ७३७ पावसात धावपट्टी संपवून पुढे गेलं, आणि ती धावपट्टी पुढचे काही दिवस बंद राहिली. १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट मुसळधार पावसात बाजूला जाऊन मोडलं, आतले आठही जण वाचले. २१ जुलै २०२५ ला कोचीहून आलेलं एअर इंडियाचं ए३२० जोरदार पावसात धावपट्टीच्या कडेला उतरलं, इंजिनाच्या आवरणाचं नुकसान झालं, पण ते गेटपर्यंत पोचलं. प्रत्येकाची कारणं वेगवेगळी, सगळी पाण्याच्या माथी मारणं चूक ठरेल. पण पावसाळा आणि धावपट्टी सोडणारी विमानं ही जोडी काही नवी नाही.

आणि कोळिकोड. ७ ऑगस्ट २०२०. दुबईहून माणसं घरी आणणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ७३७. कॅप्टन दीपक साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार यांच्यासह २१ जण गेले. चौकशी अहवाल सांगतो, ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ४,४३८ फुटांवर, म्हणजे जवळपास निम्मी संपल्यावर. शेपटीकडून १४ नॉट्सचा वारा, हलका पाऊस, कॅप्टनच्या बाजूच्या वायपरनं दगा दिलेला. अस्थिर अ‍ॅप्रोच चालू ठेवणं आणि गो-अराउंड न करणं, हे अहवालानं दिलेलं मुख्य कारण.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप येतो. धावपट्टी ओली असल्याचं त्यांना सांगितलं होतंच की! माहिती होती, तरी अपघात झाला. मग रिपोर्टिंग सुधारून काय मिळणार?

आक्षेप खरा आहे. कुठलाही कोड चुकलेला अ‍ॅप्रोच दुरुस्त करत नाही. पण उलट्या बाजूनं बघा. वैमानिक कसा विचार करतो? त्याच्याकडे मार्जिन असतं. नियमच असा आहे, की उड्डाणाआधी हिशोब करताना विमानाला कोरड्यात थांबायला ९०० मीटर लागत असतील तर धावपट्टी १,५०० मीटरची धरायची, आणि ओली असणार असेल तर त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे १,७२५. हे मार्जिन म्हणजे बँकेतली शिल्लक. थोडं उशिरा टेकलो, काढले थोडे. थोडा मागचा वारा, काढले आणखी. 'ओली' हा शब्द ऐकून माणूस समजतो की खात्यात अजून बरंच आहे. ओली 'पाच' आहे की 'दोन', हे वेळेवर कळलं तर तो खात्याकडे बघूनच म्हणेल, आज नको, चला दुसरीकडे. शिल्लक चुकीची दाखवणारं एटीएम काही चोरी करत नाही, पण माणूस खड्ड्यात जातोच.

आणि 'पाच'चाही फार भरवसा धरू नका, असं खुद्द एफएएच सांगते. २०१९ च्या एका सुरक्षा सूचनेत त्यांनी म्हटलं, की ओल्या धावपट्टीवरच्या काही घटनांत प्रत्यक्ष पकड 'ओली'साठी गृहीत धरलेल्यापेक्षा बरीच कमी निघाली, खाचा असलेल्या धावपट्ट्यांवरही. त्यामुळे जोराच्या पावसात वैमानिकांनी हिशोब आणखी वाईट धरून करावा. जोराचा पाऊस! आपल्याकडे तो अपवाद नसतो हो, चार महिन्यांचा मुक्काम असतो.

मग करावं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, विमानालाच विचारा. आधुनिक विमानाला स्वतःचा वेग, ब्रेकचा दाब, रिव्हर्स, वजन, वारा सगळं माहीत असतं. त्यातून चाकांना खरोखर किती पकड मिळाली हे गणितानं काढता येतं. ही स्वप्नं नाहीत, एअरबसनं ए३२० साठी असं फंक्शन आणलेलं आहे. उतरल्यावर ते आकडा काढतं, आणि ब्रेक पुरेसे लागलेच नसतील तर गप्प बसतं. 'माहीत नाही' म्हणणारं सॉफ्टवेअर! असं आपल्याकडे किती वेळा लिहिलं जातं? ही माहिती सगळ्या कंपन्यांची एकत्र, त्याच मिनिटाला टॉवरकडे जायला हवी. हा डेटा कुणाच्या स्पर्धेचा नाही, मागून येणाऱ्याचा आहे. डीजीसीएनं किमान मुंबई, कोळिकोड, मंगळुरूसारख्या पावसाच्या विमानतळांसाठी हे सक्तीचं करावं असं माझं मत आहे.

दुसरी, जोराच्या सरीत प्रत्येक उतरणाऱ्याला विचारा, आणि नेमकं विचारा. "ब्रेकिंग कसं होतं?" याचं उत्तर 'गुड'च येणार. "ब्रेक लागले का, आणि कुठल्या भागात कमी पकड वाटली?" याला उत्तर द्यायला विचार करावा लागतो. रेडिओवरचे पाच-सात सेकंद जातील. जाऊ देत. आणि वाईट सांगणाऱ्याला कधीही स्पष्टीकरण मागायचं नाही.

तिसरी, पावसाळ्याच्या वेळापत्रकात तपासणीच्या फटी आधीच सोडा. जीपला आत जायला मोकळीक मागावी लागणं हीच डिझाइनमधली चूक आहे. जून ते सप्टेंबर तासाला दोन-चार विमानं कमी ठेवली तर कंपन्या ओरडतील, तिकिटं थोडी महागतील. पण एक विमान चिखलात रुतून मुख्य धावपट्टी अडली की किती उड्डाणं बुडतात, हे २०१९ मध्ये आपण पाहिलंय. टेस्टिंगला वेळ नाही पण रोलबॅकला आठवडा आहे, असला हा हिशोब.

राहिले आपण, मागे बसणारे. आपलाही यात वाटा आहे. मऊसूत लँडिंग झालं की टाळ्या, आदळलं की "कुठून लायसन्स आणलं याने". खरं तर ओल्या धावपट्टीवर वैमानिकानं विमान ठामपणे टेकवायचं असतं. चाकं पाण्याचा थर फोडून लगेच फिरायला लागावीत, वजन चाकांवर यावं, स्पॉयलर उघडावेत, ब्रेक लागावेत. लोण्यासारखं उतरवण्याच्या नादात विमान तरंगत जातं आणि प्रत्येक सेकंदाला सत्तरेक मीटर धावपट्टी मागे टाकतं. तेव्हा पावसात दाणकन उतरलात तर समजा, पुढे बसलेल्याला त्याचं काम येतं.

आणि विमान उतरता उतरता परत वर गेलं, किंवा मुंबईऐवजी अहमदाबादला नेऊन ठेवलं, की लगेच ट्विट करून कंपनीची अब्रू काढायची घाई करू नये. सोमवारची मीटिंग चुकेल, कॅबचे पैसे जातील, मान्य. पण तिथे कुणीतरी 'अंबर' लिहायची हिंमत दाखवलेली असते. आपण बोंब ठोकली की पुढच्या वेळी त्याच्यावर ग्रीन लिहायचं दडपण थोडं वाढतं.

असो. खिडकीबाहेर आत्ता रिपरिप चालू आहे. माझ्या हिशोबानं कोड पाच. पण शेवटचं कुणी उतरलं, आणि ते काय म्हणालं, हे कळल्याशिवाय मी त्यावर पैज लावणार नाही.